रंगाच्या डबीतील सरकारी दप्तर

सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागिराने लाकडी घोड्यास तांबडा रंग दिला काय किंवा हिरवा दिला काय, त्या घोड्याच्या अस्सलपणाबद्दल कोणी तक्रार घेऊन उभा राहत नाही. कारण खेळण्यातला घोडा कोणा विशिष्ट घोड्याची मुखत्यारी करीत नसतो. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचे, म्हणजे ज्याला आपल्याकडेही सर्रास स्केल मॉडेल म्हणतात त्या वस्तूचे, तसे नाही. ती एका विवक्षित विमानाची, रणगाड्याची किंवा गलबताची, आणि तीही एका विवक्षित साली, विवक्षित मोहिमेवर असतानाची साक्ष म्हणून उभी असते. म्हणून तिच्या अंगावर चढवायचा रंग करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नसतो, तो कोठल्या तरी खात्याच्या हुकमाबरहुकूम असावा लागतो. ह्या छंदाच्या गेल्या सुमारे नव्वद वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले, तर तिच्यात दोन मनुष्यांची कामगिरी एकमेकींत गुंतलेली दिसते: एक रसायनशास्त्रज्ञ, ज्याने रंग तेलातून काढून पाण्यात आणला, आणि दुसरा कारकून, ज्याने त्या रंगाला क्रमांक देऊन दप्तरी दाखल केले. पहिल्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. दुसऱ्याची कोणी फारशी दखल घेतलेली नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी मौज त्याच्याच दप्तरात आहे.

प्रारंभ लाकडापासून झाला. इंग्लंडात १९३२ च्या सुमारास ‘स्कायबर्ड्‌स’ ह्या नावाने लाकडी विमानांचे सुटे भाग विक्रीस आले, आणि एका इंचास सहा फूट हे त्यांचे प्रमाण पुढे एकास बहात्तर म्हणून जगभर रूढ झाले. १९३६ साली ‘फ्रॉग’ कंपनीने सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे, म्हणजे त्या काळच्या प्लॅस्टिकचे, संच काढले आणि ही विमाने उडत नाहीत म्हणून त्यांना ‘पेंग्विन’ हे नाव दिले, ही त्या धंद्यातील विनोदबुद्धीची एक जुनी खूण होय. लाकडावर आणि कागदावर त्या काळी सेल्युलोजचा ‘डोप’ चढवीत; खऱ्या विमानांच्या कापडी पंखांनाही तोच लागे. दुसरे महायुद्ध अमेरिकेच्या दारी येताच, १९४२ च्या जानेवारीत, तेथील नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पन्नास जातींची, प्रत्येकी दहा हजार, अशी एकंदर पाच लाख विमाने करवून घेण्याची मोहीम काढली. पहारेकऱ्यांना आणि तोफचींना आकाशातील शत्रुमित्र ओळखता यावेत हा तिचा हेतू असल्यामुळे ती सगळी विमाने काळी रंगविण्याचा नियम होता. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विमानाची आकृतीच तेवढी दिसते, रंग दिसत नाही. प्रतिकृतीच्या रंगासंबंधी सरकारने घालून दिलेला हा एक आरंभीचा नियम, आणि तोही रंग नाकारणारा, ह्यात मला मोठे औचित्य वाटते.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन स्वस्त झाले आणि लाकडाची सद्दी संपली. निकोलस कोव्ह ह्या हंगेरीतून आलेल्या गृहस्थाने १९३९ साली स्थापिलेली ‘एअरफिक्स’ कंपनी आरंभी हवा भरण्याची रबरी खेळणी आणि पुढे कंगवे काढीत असे. तिने १९५२ साली वुलवर्थच्या दुकानांसाठी ‘गोल्डन हाइंड’ ह्या गलबताचा संच साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन शिलिंगांस विकावयास ठेवला, आणि हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून कामकऱ्यांच्या मुलांच्या हाती गेला. परंतु ह्या नव्या पदार्थाने एक नवी अडचण आणली. डोपमधील विद्रावक पॉलिस्टायरीन विरघळवून टाकतात. रंग द्यावयास जावे तो विमानाचे पंखच मऊ पडून सुरकुततात. तेव्हा तेलजन्य एनॅमलला बरे दिवस आले. यॉर्कशायरमधील हल बंदरी १९१९ पासून सायकलींचे तेल आणि सायकलींचा रंग विकणारी ‘हंबर ऑइल कंपनी’ अशा वेळी पुढे सरसावली, आणि ‘हंब्रॉल’ ह्या संक्षिप्त नावाच्या तिच्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या तीनचार दशके जगातील बहुतेक छांदिष्टांच्या टेबलांवर विराजमान झाल्या.

एनॅमलची निंदा करणे आता फॅशन झाले आहे. पण कुंचल्याने रंगविणाऱ्यास विचारावे. तो रंग घाई करीत नाही. कुंचल्याचे ओरखडे तो स्वतःच सावकाश भरून काढतो, सपाट होतो, आणि मग वाळतो. मात्र ह्या सुसंस्कृत वागणुकीची किंमत घरातील इतर मंडळींना मोजावी लागे. टर्पेंटाइनचा किंवा व्हाइट स्पिरिटचा दर्प घरभर पसरे, पुढचा हात देण्यासाठी रात्रभर थांबावे लागे, आणि कुंचले धुण्याचे ते घाण तेल कोठे ओतावे ह्यावरून कलह होत. हा छंद कारखान्यात चालत नाही, जेवणाच्या टेबलावर चालतो, ही गोष्ट एनॅमल करणाऱ्यांच्या ध्यानी आली नाही असे नाही. त्यांच्यापाशी इलाज नव्हता.

इलाज ज्याच्या संशोधनातून पुढे निघाला त्याचे आयुष्य दुर्गंधीच्याच परिहारात गेले, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ऑटो रोम ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ट्युबिंगेन विद्यापीठात अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांवर प्रबंध सादर केला. पण त्याचा चरितार्थ चालला तो निराळ्याच गोष्टीवर. त्या काळी कातडे कमावताना ते मऊ करण्यासाठी कुत्र्याची विष्ठा वापरीत. १९०७ साली ऑटो हास ह्या भागीदारासह कंपनी काढून रोमने तिच्याऐवजी प्राण्यांच्या स्वादुपिंडातील पाचक द्रव्य विकण्यास आरंभ केला, आणि चर्मकारांचे दुवे घेऊन तो श्रीमंत झाला. प्रबंधातील विषय त्याने सोडला मात्र नव्हता. १९३३ साली त्याच्या कंपनीने अ‍ॅक्रिलिकची काचेसारखी पारदर्शक फळी ‘प्लेक्सिग्लास’ ह्या नावाने बाजारात आणली. इंग्लंडात तोच पदार्थ ‘पर्स्पेक्स’ ह्या नावाने निघाला. स्पिटफायर विमानात वैमानिकाच्या डोक्यावर जे पारदर्शक छत्र असे, ते ह्याच पदार्थाचे. तेव्हा आज कोणी स्पिटफायरची प्रतिकृती अ‍ॅक्रिलिक रंगाने रंगवितो, त्या वेळी मूळ विमानाच्या छत्रातील द्रव्याचाच एक सगोत्र तो तिच्या अंगावर पसरीत असतो.

फळीपासून रंगापर्यंतचा टप्पा अमेरिकेत गाठला गेला. हासने फिलाडेल्फियात वाढविलेल्या शाखेने १९५३ साली घरांच्या भिंतींसाठी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिकचे पायस बाजारात आणले, आणि दोनच वर्षांनी सिनसिनाटी येथील हेन्री लेव्हिसन ह्याने त्याच तत्त्वावर चित्रकारांसाठी ‘लिक्विटेक्स’ हे रंग काढले. ह्या रंगाची घडण अशी की बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण दुधातल्या स्निग्धांशाप्रमाणे पाण्यात तरंगत असतात, आणि रंगद्रव्याची पूड त्यांच्या सोबतीस असते. पाणी उडून गेले की कण एकमेकांस भिडतात, दाबले जाऊन एकजीव होतात, आणि त्यांचा जो पापुद्रा बनतो तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ओला असताना पाण्याने धुता यावा आणि वाळल्यावर पाण्याला दाद देऊ नये, अशी ही दुहेरी वागणूक तेलातही नव्हती आणि जुन्या जलरंगातही नव्हती.

प्रतिकृतींच्या छंदात हा रंग दोन वाटांनी शिरला, आणि त्या दोन वाटा आजही एकत्र आलेल्या नाहीत. नवशिक्याची फसगत होते ती येथेच. स्पेनमधील ‘व्हायेहो’ ही कंपनी मुळात १९६५ साली न्यू जर्सीत निघाली आणि १९६९ साली स्पेनला गेली. तिचा पहिला माल होता चलच्चित्रांतील व्यंगपटांसाठी पारदर्शक फिल्मवर देण्याचा रंग. त्याला पातळ असूनही झाकण्याची शक्ती असावी लागे, तो चिरून चालत नसे, आणि एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत त्याची छटा तीळभरही बदलता कामा नये. हे सर्व गुण पुढे शिशाचे शिपाई आणि रणगाडे रंगविणाऱ्यांना जसेच्या तसे उपयोगी पडले. दुसरी वाट जपानची. शिझुओका शहरात योशिओ तामिया ह्यांनी १९४६ साली लाकडाची वखार घातली, तिच्यातून लाकडी प्रतिकृती निघू लागल्या, १९६० साली ‘यामातो’ ह्या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिकचा संच निघाला, आणि पुढे संचांच्या जोडीने ‘तामिया’चे रंगही आले. हे रंग अ‍ॅक्रिलिक म्हणवितात खरे, पण त्यांचा आत्मा बव्हंशी अल्कोहोलात आहे. पाण्याने ते पातळ होतात, अल्कोहोलयुक्त थिनरने अधिक सुखाने होतात, आणि एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनातून, त्यांच्याइतका निर्वेध उडणारा रंग विरळा. कुंचल्याने मात्र दुसरा हात देऊ जावे तर पहिला उचकटून वर येतो. व्हायेहोचा रंग ह्याच्या नेमका उलट: कुंचल्याला आज्ञाधारक, एअरब्रशच्या सुईवर वाळून बसणारा, आणि त्यात कोणी चुकून अल्कोहोल ओतले तर क्षणात गोठून रबरासारखा होणारा. म्हणून बाटलीवरील ‘अ‍ॅक्रिलिक’ ह्या अक्षरांवर विसंबून दोन घराण्यांचे रंग एका वाटीत कालवू नयेत, आणि प्रत्येकाला त्याच्याच घरचे थिनर द्यावे.

वापराच्या बाबतीत बाकीचा उपदेश थोडक्यात आटोपतो. पॉलिस्टायरीनचे भाग साच्यातून निघताना त्यांना तेलकटपणा चिकटलेला असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने काढावा. जलजन्य रंगाची गुळगुळीत प्लॅस्टिकवर पकड कच्ची असते, म्हणून आधी प्रायमरचा हात द्यावा. आणि एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही श्रेयस्कर मानावेत. आपल्याकडच्या हवेचा मात्र निराळा विचार करावा लागतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हा रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळतो, तेव्हा ओल्या कापडावर कागद अंथरून त्यावर रंग काढून ठेवण्याची युक्ती आणि वाळण्याची गती मंदावणाऱ्या द्रव्याचे दोन थेंब, ह्यांवाचून गत्यंतर नाही. उलट आषाढात रत्नागिरीला वरून वाळल्यासारखा वाटणारा हात आतून ओलाच असतो आणि त्यावर चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्र्यासकट निघतो. परदेशी बाटल्या महाग म्हणून आपले पुष्कळ होतकरू ‘कॅमल’च्या रंगांकडे वळतात. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या धंद्याने आरंभिलेल्या ह्या कारखान्याच्या रंगांवर महाराष्ट्रातील दोनतीन पिढ्यांची चित्रकला पोसली आहे, पण कॅन्व्हाससाठी केलेला नळीतील दाट रंग विमानाच्या पंखावरील कोरीव रेषा बुजवून टाकतो हे ध्यानात ठेवावे. तो पातळ करून, गाळून, संयमाने दिला तर काम भागते. दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्यांना तर त्याहून अधिक काही लागतच नाही.

अ‍ॅक्रिलिकचा विजय केवळ दर्पाच्या अभावामुळे झाला असे समजणे मात्र चूक ठरेल. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला व्हाइट स्पिरिट सहसा इजा करीत नाही. म्हणजे त्याचा थर खाली पक्का बसल्यावर त्यावर तैलरंगाची अतिपातळ धुणी सोडता येते. ती खाचाखोचांत साचते, उंचवट्यांवरून पुसता येते, आणि बिघडली तर खालच्या थराला धक्का न लावता समूळ काढून टाकता येते. अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडेन ह्यांनी १९७०-८० च्या दशकांत धुण्या आणि कोरड्या कुंचल्याचे हात ह्यांचा जो प्रचार केला, त्याने रणगाडे धुळीत माखले, गंजले, वापरलेले दिसू लागले. एनॅमलवर एनॅमलची धुणी देणारे पूर्वीही होते, पण ते जीव मुठीत धरून देत. पाण्याच्या रंगाने तेलाच्या रंगाला निर्भय केले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कारकुनाकडे वळू. १९२५ साली जर्मनीत मालपुरवठ्याच्या अटी ठरविण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्या आद्याक्षरांवरून ‘राल’ हे नाव रूढ झाले आणि १९२७ साली तिने चाळीस रंगांची पहिली यादी सिद्ध केली. हेतू अगदी रोकडा होता: रंग मागविणारा आणि रंग करणारा ह्यांनी रंगविलेल्या पट्ट्यांचे नमुने एकमेकांकडे धाडीत बसू नये, नुसता क्रमांक लिहिला की काम व्हावे. अमेरिकन सरकारने १९५६ साली ह्याच कामासाठी ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ काढले, आणि त्यातील पाच अंकांच्या क्रमांकात पहिल्या अंकावरून चकाकी व दुसऱ्यावरून रंगाचे कूळ कळावे अशी व्यवस्था लावली. ३४०८७ म्हटले की निस्तेज, हिरव्या कुळातील रंग, हे जाणकारास बाटली न उघडता समजते. आज छंदाच्या बाटल्यांवर जे आकडे छापलेले असतात त्यांतील पुष्कळ ह्याच याद्यांतून उतरलेले आहेत. ज्या कारकुनांनी ते लिहिले त्यांना त्यांचे आकडे पुढे रविवारच्या फुरसतीत वाचले जातील, त्यांवरून मित्रामित्रांत अबोला धरला जाईल, ही कल्पनाही शिवली नसेल.

पण हुकूम आणि अंमल ह्यांत अंतर असते, हे पेशवाईपासून मामलेदार कचेरीपर्यंत आपण पाहत आलो आहोत. तेच रंगाच्या बाबतीतही घडले. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ विमानांची पोटे ‘स्काय’ ह्या फिकट हिरवट छटेने रंगवावी असा आदेश काढला. आदेश पोहोचला, रंग पोहोचला नाही. पुरेसा साठा नसल्यामुळे ठिकठिकाणच्या तुकड्यांनी हाताशी होते ते रंग मिसळून आपापला ‘स्काय’ सिद्ध केला, आणि ब्रिटनच्या ऐन लढाईत कोणाची पोटे निळसर, कोणाची हिरवट अशी आकाशात गेली. जर्मनांच्या शिस्तीची कथा ह्याहून निराळी नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत त्यांनी सर्व रणगाडे कारखान्यातूनच गडद पिवळ्या रंगात काढावे आणि त्यावर तपकिरी व हिरवे पट्टे सैनिकांनी प्रत्यक्ष रणभूमीवर द्यावे असे ठरविले, आणि त्यासाठी रंगाचा घट्ट लगदा डब्यांतून पुरविला. तो पातळ करावयाचा पेट्रोलने. पेट्रोल नसले तर पाण्याने. आणि देणारा हात कोणाचा, तर तीन रात्री न झोपलेल्या एखाद्या चालकाचा. अशा रणगाड्याची प्रतिकृती करून तिच्या पिवळ्याची छटा अर्ध्या मात्रेने उबदार झाली म्हणून हळहळणाऱ्याची मला कीव येते, आणि त्याच्या निष्ठेबद्दल आदरही वाटतो.

हिंदुस्थानच्या वाट्याला ह्या दप्तरातील दोन प्रकरणे येतात. पुढे आपले अखेरचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड माउंटबॅटन १९४० साली विनाशिकांच्या एका ताफ्याचे प्रमुख असताना एक उतारू जहाज आपल्या जांभळट करड्या रंगामुळे सांजसकाळच्या प्रकाशात सर्वांआधी दिसेनासे होते असे त्यांनी पाहिले, आणि आपल्या नौकांना त्यांनी एक गुलाबी छटा देवविली. ‘माउंटबॅटन पिंक’ ही छटा आजही बाटल्यांतून मिळते. तिच्या उपयुक्ततेविषयी नौदलात एकमत कधी झाले नाही. दुसरे प्रकरण अधिक गंभीर. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या अंगावर लाल सूर्य असे, आणि ब्रिटिश विमानांवरील ओळखचिन्हाच्या चक्राच्या मध्यभागीही लाल ठिपका असे. नजरचुकीने आपल्याच विमानांवर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून तेथील चक्रांतून लाल रंग हद्दपार झाला आणि फिकट व गडद निळ्याची जोडी आली. अराकानमध्ये मेहरसिंगांच्या आधिपत्याखाली हिंदी हवाई दलाच्या सहाव्या तुकडीची हरिकेन विमाने टेहळणी करीत होती त्या मोहिमेची प्रतिकृती करणाऱ्याने संचातील तांबड्या ठिपक्याची चक्रे जशीच्या तशी चिकटवली, तर रंग कितीही उत्तम असो, साक्ष खोटी पडते. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र, आणि १९५० पासून तिरंगी चक्र, असा पुढचा क्रम आहे.

पुरावा म्हणून जुन्या छायाचित्रांकडे जावे, तर तीही फितूर आहेत. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म पुष्कळ वापरीत आणि तिला तांबडा प्रकाश दिसतच नसे. तिच्यावर लाल आणि पिवळा काळवंडून जातात, निळा पांढुरका होतो. चक्राभोवतीचे पिवळे कडे अशा चित्रात जवळजवळ काळे दिसते, आणि एवढ्यावरून अस्तित्वात नसलेले रंग अस्तित्वात होते असे सिद्ध करणारे विद्वान होऊन गेले आहेत. त्यातून प्रमाणाचा प्रश्न वेगळाच राहतो. एकास बहात्तर प्रमाणाचे विमान हातभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरे विमान शेसव्वाशे फुटांवरून पाहणे; आणि तेवढ्या अंतरात मधली हवा रंगाची धार थोडी बोथट करतेच. म्हणून मूळ कारखान्यातील डब्यातला रंग चिमटीभर आणून लावला तरी प्रतिकृती खऱ्याहून काळपट भासते, आणि त्यात पांढऱ्याचा अंश मिसळावा असे जाणते सांगतात. किती मिसळावा ह्याची कोष्टकेही कोणी कोणी केली आहेत. मी ती बाजूला ठेवतो आणि खिडकीशी नेऊन डोळ्याने ठरवितो.

ह्या सर्व वादाचा कळस अलीकडे एका गलबतावर झाला. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५ साली, नेल्सनचे निशाण वाहणारी ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून पोर्ट्‌स्‌मथच्या गोदीत जतन केलेली आहे, आणि तिच्या काळ्या अंगावरील गडद पिवळे पट्टे हा जगातील असंख्य प्रतिकृतिकारांनी प्रमाण मानलेला रंग होता. रंगतज्ज्ञांनी तिच्या लाकडावरील जुन्या थरांचे सूक्ष्म छेद घेऊन तपासले, तेव्हा ट्रफाल्गरच्या काळचे पट्टे पुष्कळच फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारे होते असे निष्पन्न झाले. आणि २०१५ साली गलबतच नव्या, म्हणजे जुन्या, रंगाने रंगविण्यात आले. ज्यांच्या कपाटात पिवळ्या पट्ट्यांची ‘व्हिक्टरी’ उभी आहे त्यांनी ती पुन्हा रंगवावी काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. माझ्या मते रंगवू नये. गोदीतल्या गलबताने तो पिवळा रंग विसाव्या शतकात खरोखरच अंगावर वागविला होता. तेव्हा पितळी पाटीवरील १८०५ हा आकडा तेवढा खोडावा, आणि त्या शतकातील आपल्या पसंतीचे एखादे साल तेथे कोरून घ्यावे.